गांगुर्डेबाई आणि रडणारं अस्वल

ते अस्वल मीच काढलं होतं, आणि चांगलं काढलं होतं. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे त्याला बरीच बोलणी बसणार आहेत.

मी हर्षाली. माहेर विंचूरचं, नोकरी नाशिकला कॉलेज रोडवर, तिसऱ्या मजल्यावरच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत. सॉफ्टवेअर कंपनी म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे काचेच्या भिंती येतात. आमच्याकडे चार टेबलं, एक कुरकुरणारा पंखा आणि मालक प्रफुल्लसर, एवढाच पसारा. मुलांना इंग्रजी शिकवणारं ‘पाटीपेन’ नावाचं अ‍ॅप आम्ही बनवतो. प्रोग्रॅम सर बघतात, चित्रं मी काढते, आणि पालकांचे फोनही मीच घेते, कारण सरांचा स्वभाव फारच गोड आहे आणि गोड माणसाला लोक फोनवर खाऊन टाकतात. सरांकडे प्रत्येक तक्रारीवर एकच उत्तर असतं, “पुढच्या व्हर्जनला करू.” पंख्याबद्दलही ते हेच म्हणतात.

आमच्या अ‍ॅपमध्ये एक चित्र दिसतं, त्याखाली मराठी अर्थ येतो आणि मुलाने त्याचं स्पेलिंग टाइप करायचं असतं. बरोबर आलं की गुल्लू नावाचं अस्वल नाचतं. चुकलं की लाल फुली येते, गुल्लू मटकन खाली बसतो आणि बादलीत रडायला लागतो. पुन्हा चुकलं की बादली आणखी भरते. चुकतच राहिलं तर भरून वाहायला लागते आणि त्या पाण्यातून गुल्लूची एक चप्पल तरंगत निघून जाते. त्या चपलेत मी जीव ओतला होता. पण इतकं चिकाटीने चुकणारं मूल आम्हाला भेटलंच नव्हतं, त्यामुळे माझी चप्पल कोणी पाहिलीच नव्हती.

एका बुधवारी दुपारी दार ढकलून एक बाई आत आल्या. साठी ओलांडलेल्या, ठेंगण्या, फिकट निळी साडी आणि साडीखाली पांढरे स्पोर्ट्स शूज. तीन मजले चढूनही दम लागलेला नव्हता.

“जयभीम,” त्या म्हणाल्या. “ते अस्वल कोणाचं?”

“माझं,” मी कौतुकाच्या अपेक्षेने म्हणाले.

“मग तुझ्याशीच बोलायचंय. ते माझ्या नातीसमोर का रडतं?”

या मालनबाई गांगुर्डे. जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेल्या शिक्षिका, राहायला जेलरोडला. मुलगा राज एकलहऱ्याच्या वीज केंद्रात शिफ्टमध्ये, सून दवाखान्यात नर्स. त्यामुळे तिसरीतली नात पिंकी दुपारभर आजीकडे. पिंकीच्या शाळेने गृहपाठाला आमचं अ‍ॅप दिलं होतं. रंगाच्या डबीचं चित्र आलं तेव्हा पिंकीने आजीने शिकवलेलं स्पेलिंग टाइप केलं, सी ओ एल ओ यू आर, आणि गुल्लू रडला. पिंकीने आजीला विचारलं. आजीने चष्मा लावून स्वतः तेच टाइप केलं आणि गुल्लू पुन्हा रडला.

“त्यावर पोरगी मला काय म्हणाली माहितीये? आजी, तुझं चुकतं. एवढंच. आणि दुसऱ्या दिवसापासून वही घेऊन माझ्याकडे येईनाशी झाली. चौतीस वर्षं पोरं शिकवली मी, हर्षाली. आता घरात एक पोरगी उरलीय शिकवायला, तीही तुझ्या अस्वलाने पळवली.”

आमची ओळख होऊन पाच मिनिटंही झाली नव्हती, पण बाई मला नावाने आणि एकेरीत बोलायला लागल्या होत्या. खरं सांगायचं तर मला राग आला होता. माझ्या अस्वलाला कोणी नावं ठेवलेली मला खपत नाहीत. पण त्यांचे डोळे भरून आले होते आणि ते दिसू नयेत म्हणून त्या पंख्याकडे बघत होत्या, त्यामुळे मी खुर्ची पुढे केली.

प्रफुल्लसर बाहेर आले. “मॅडम, अमेरिकेत असंच लिहितात. तिकडे त्यांनी तो यू काढून टाकलाय.”

“बाई म्हण, मॅडम नको. आणि काढू देत की. त्यांचा देश, त्यांचा यू. मी काही म्हणाले का? पण पिंकी जेलरोडला राहते. तिच्या पुस्तकात यू आहे, तिच्या वर्गशिक्षिका यू मागतात, आणि तुमचं अस्वल यू दिसला की गळा काढतं. पोरीने करायचं काय?”

सरांनी समजावलं. शब्दांचा सगळा साठा आम्ही परदेशातून तयार विकत घेतला होता. त्यात एका शब्दाला एकच उत्तर होतं आणि ते अमेरिकेतलं होतं. दोन उत्तरं चालवून घ्यायची तर आतलं सगळं उकलावं लागणार होतं. “पुढच्या व्हर्जनला नक्की करू, बाई.”

“कधी येतं ते?”

सर पंख्याकडे बघायला लागले.

“बरं,” बाई म्हणाल्या. “पुढच्या बुधवारी येते.”

आणि त्या खरंच आल्या. त्याच्या पुढच्या बुधवारीही आल्या. येताना नवीन शब्द आणायच्या. सेंटर, फेव्हरेट, ग्रे, जिथे जिथे गुल्लू रडला तो प्रत्येक शब्द. सर त्यांची चाहूल लागली की बाथरूममध्ये जायचे आणि बाई शांतपणे माझ्यासमोरच्या खुर्चीत बसायच्या. पहिल्या दोन-तीन वेळा मी तोंड वाकडं केलं. नंतर मी दोन कप चहा सांगायला लागले. असं कोणाशी भांडता भांडता मैत्री होणं मला नवीन होतं, पण झाली.

चहाबरोबर बाईंनी मला त्यांची कहाणी थोडी थोडी करून सांगितली. त्यांना सगळे इंग्रजीच्या बाई म्हणून ओळखत, पण मुळात त्यांना इंग्रजी येतच नव्हतं. शाळेत त्या इंग्रजीत काठावर पास. डीएड करून लागल्या त्या कळवण तालुक्यातल्या एका वस्तीशाळेवर. सगळं सुखात चाललं होतं आणि एक दिवस सरकारने फर्मान काढलं, पहिलीपासून इंग्रजी.

“मला घाम फुटला,” बाई म्हणाल्या. “आमचे हे तेव्हा एकलहऱ्याला बॉयलरवर होते. शनिवारी मी क्वार्टरवर यायची आणि तिथल्या पाट्या बघत फिरायची. तेवढंच इंग्रजी हाताशी होतं. त्या लिहून घ्यायच्या, ह्यांना अर्थ विचारायचा आणि सोमवारी वस्तीवर जाऊन शिकवायचं. माझ्या पोरांना कॅट म्हणजे मांजर नंतर आलं. आधी आलं ते डी ए एन जी ई आर डेंजर, डेंजर म्हणजे धोका.”

तुम्ही मराठी शाळेत शिकला असाल तर ही चाल तुमच्या कानात असेलच. आधी एकेक अक्षर, मग शब्द, मग ‘म्हणजे’ आणि मग अर्थ. सगळा वर्ग एका सुरात, मांडी हलवत. विंचूरच्या शाळेत मीही तसंच शिकले. अजूनही ‘ब्युटिफुल’ लिहायचं झालं तर मी मनातल्या मनात मांडी हलवते.

पण बाईंची त्यात एक स्वतःची रीत होती. कोणाचं चुकलं की त्या टेबलावर तळहाताने एक थाप मारायच्या. थाप पडली की सगळ्या वर्गाने तो शब्द पहिल्यापासून पुन्हा म्हणायचा. कोणाचं चुकलं ते विचारायचं नाही, मागे वळून बघायचंही नाही. ज्याला येत नाही तो सगळ्यांच्या आवाजात शिरून म्हणतो आणि दोन-तीनदा म्हटलं की त्याला येऊन जातं.

“किती प्रेमळ हो तुम्ही,” मी म्हणाले.

बाई एवढ्या हसल्या की चहा बशीत सांडला. “प्रेमळ कसली! अगं, निम्म्या वेळा चूक माझीच असायची. मीच अडखळायची आणि मीच थाप मारायची. सगळ्यांनी मिळून म्हटलं की माझी चूक झाकली जायची आणि सुधारायचीही. त्यातलं एखादं पोरगं मोठ्या भावाकडून शिकून आलेलं असायचं, त्याच्या आवाजात मी माझा आवाज मिसळायची. पुढे मला इंग्रजी आलं. पण पद्धत तीच ठेवली. पोरं भीत नव्हती ना.”

मग एका बुधवारी बाई आल्या त्या नवीन शब्द न आणता. पर्समधून घडी केलेला कागद काढून त्यांनी टेबलावर ठेवला. पिंकीची चाचणी होती. शाळेत तिने गुल्लूला आवडतं ते स्पेलिंग लिहिलं होतं आणि वर्गशिक्षिकेने ते कापलं होतं. तिथपर्यंत ठीक होतं. पण पुढच्या पानावर मराठी शब्द होते आणि त्यांच्यासमोर काहीच लिहिलेलं नव्हतं. केंद्र, आवडता, करडा, सगळ्या जागा मोकळ्या. त्यानंतर तर तिला येणारे साधे शब्दही तिने लिहिले नव्हते.

“चुकीचं लिहिलं असतं तर मला चाललं असतं,” बाई म्हणाल्या. “कोरं सोडलंय गं. इकडे लिहावं तर अस्वल रडतं, तिकडे लिहावं तर टीचर कापतात. म्हणून पोरीने लिहिणंच सोडलं. विचारलं तर म्हणते, मला इंग्रजी येत नाही.”

त्या दिवशी सर बाथरूममध्ये गेले नाहीत. कागद हातात घेऊन त्यांनी दोन्ही पानं वाचली. “बाई, मी करतो,” ते म्हणाले, आणि पुढच्या व्हर्जनचं नाव काढलं नाही. “पण मला थोडी सवड द्या. माझ्यावर एक संकट आलंय.”

संकट असं होतं. एक संस्था खेड्यांतल्या शाळांना टॅब वाटणार होती आणि त्या टॅबमध्ये आमचं अ‍ॅप घालायचं का, हे त्यांच्या मॅडम एखाद्या शाळेत प्रत्यक्ष बसून ठरवणार होत्या. सरांना शाळा मिळत नव्हती. कुठे परीक्षा, कुठे स्नेहसंमेलन.

“एवढंच ना?” बाई म्हणाल्या. “माझा सहादू आहे की. माझ्या पहिल्या इंग्रजीच्या वर्गातला. आता तिकडेच कळवणजवळ एका वस्तीवर मास्तर आहे. शनिवारी सकाळची शाळा असते, तेव्हा जाऊ. पिंकीला सुट्टी असते, तिलाही घेते.”

शनिवारी आम्ही सरांच्या गाडीतून निघालो. सर चालवत होते, संस्थेच्या मॅडम परस्पर येणार होत्या. मागे बाई, मी आणि मधे पिंकी. दिंडोरी गेलं, वणी गेलं, पिंकी एक शब्द बोलली नाही. नाक खिडकीकडे, हात मांडीवर. लहान मूल इतकं नीटनेटकं बसलेलं मला बघवत नाही. शेवटी मी म्हणाले, “पिंकी, गुल्लूला मी काढलंय बरं का.”

तिने पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं. “रडतो ते पण तुम्हीच काढलं?”

“हो.”

“का?”

बादली, थेंब, चप्पल, सगळं मी किती बारकाईने केलं होतं, पण का, हा प्रश्न मला ऑफिसात कोणी विचारला नव्हता. मी तिला शेंगदाण्याची चिक्की दिली. तिने ती हातात धरून ठेवली.

शाळा एका खोलीची होती. दोन वर्ग एकत्र बसलेले, भिंतीवर फळं आणि पाढे, दाराशी चपलांची रांग. सहादूमास्तर तिशीचा, सडपातळ. बाईंना बघताच तो वाकायला लागला, तसा बाईंनी त्याचा दंड धरून त्याला सरळ उभं केलं.

“पायाबिया पडू नकोस. पोरं इंग्रजी म्हणतात का तुझी?”

“म्हणतात की बाई. डेंजर म्हणजे धोका, तिथून सुरुवात केली.”

संस्थेच्या मॅडम आल्या. उंच, गंभीर, हातात पेन. हसतील असं वाटेना. सरांनी टॅब टेबलावर उभा केला आणि तिथेच त्यांचा चेहरा उतरला. अ‍ॅप आम्ही एका वेळी एका मुलासाठी बनवलं होतं. एक मूल, एक टॅब, कानाला हेडफोन. इथे टॅब एक आणि मुलं खोलीभर.

सहादूला त्यात काहीच अडचण दिसली नाही. त्याने पुढच्या बाकावरच्या एका मुलीला टाइप करायला बसवलं आणि बाकीच्यांना सांगितलं, “तुम्ही म्हणा, ती दाबेल.”

आणि सुरू झालं. सी ए टी कॅट, कॅट म्हणजे मांजर! गुल्लू नाचला, तशी खोलीही नाचली. एस यू एन सन, सन म्हणजे सूर्य! गुल्लू पुन्हा नाचला. मॅडमनी कागदावर काहीतरी लिहिलं. सरांच्या चेहऱ्यावर रंग परत आला. आणि मग पडद्यावर रंगाची डबी आली.

मी डोळे मिटून घेतले.

“सी ओ एल ओ यू आर कलर! कलर म्हणजे रंग!” अख्खी खोली गरजली. टाइप करणाऱ्या मुलीने एकेक अक्षर नीट दाबलं. लाल फुली आली. गुल्लू मटकन बसला आणि रडायला लागला.

पिंकी माझ्या शेजारी दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. तिने खांदे आत घेतले. मला वाटलं, संपलं. आता ही पोरंही कोरी होणार, मॅडम उठून जाणार आणि बाईंच्या नातीसमोर बाईंची चूक दुसऱ्यांदा जाहीर होणार.

तेवढ्यात सहादूने सवयीने टेबलावर तळहाताची थाप मारली.

मुलांनी क्षणभरही विचार केला नाही. “सी ओ एल ओ यू आर कलर! कलर म्हणजे रंग!” मुलीने पुन्हा तेच टाइप केलं. गुल्लू जास्तच रडला.

मागच्या रांगेतून एक मुलगा उभा राहिला. “सर, त्याले येत नही!”

“कोणाला?” मॅडमनी विचारलं.

“अस्वलले.”

आणि मग मला कळलं की या खोलीत काय चाललं होतं. या पोरांच्या वर्गात ज्याला येत नाही तो रडवेला होतो, थाप पडते आणि सगळे त्याच्यासाठी पुन्हा म्हणतात. इथे अस्वल रडत होतं. म्हणजे अस्वलाला येत नव्हतं. आपलं चुकलं असेल असं त्यांच्या स्वप्नातही आलं नाही, कारण आपण म्हणजे सगळा वर्ग, आणि सगळ्या वर्गाने मिळून म्हटलेलं तर शिकवणं असतं.

सहादूला काय करावं कळेना, म्हणून त्याने पुन्हा थाप मारली. पोरं पुन्हा म्हणाली. सर धावत टॅबकडे गेले. “पुढचा शब्द घ्या, पुढचा शब्द,” ते पुटपुटत होते आणि बोट पडद्यावर इकडून तिकडे फिरवत होते. पण शब्द सोडून पुढे जायचं बटण आमच्या अ‍ॅपमध्ये नव्हतंच. ते पुढच्या व्हर्जनला येणार होतं.

“हळू म्हणा रे,” टाइप करणारी मुलगी मागे वळून म्हणाली. “त्याला घाई होतेय.”

खोलीने वेग कमी केला. सी... ओ... एल... प्रत्येक अक्षराला थांबून, एखाद्या आजाऱ्याला औषध पाजावं तसं. गुल्लू ढसाढसा रडला. बादली काठापर्यंत आली. मुलं आता उभी राहून टॅबभोवती गोळा झाली होती आणि त्याला धीर देत होती. “येईल, येईल, रडू नको.” आणखी एकदा. आणि बादली वाहिली! पाणी गुल्लूच्या पायांशी आलं आणि त्यातून डुलत डुलत माझी चप्पल निघाली.

“चप्पल! चप्पल चालली!” पोरांनी एकच गलका केला. मीही ओरडले. इतकी वर्षं ज्या क्षणाची वाट बघत होते तो कळवणच्या एका वस्तीवर आला आणि मी सरांची, मॅडमची, कोणाची पर्वा न करता टाळ्या पिटल्या.

मॅडमच्या हातातलं पेन खाली पडलं होतं. त्या दोन्ही हातांनी तोंड झाकून हसत होत्या, इतक्या की डोळ्यांतून पाणी येत होतं. “मास्तर, हे काय आहे?” त्यांनी कसंबसं विचारलं.

“आमच्याकडे कोणाचं चुकलं ते विचारत नाहीत, मॅडम,” सहादू ओशाळून म्हणाला. “ज्याला येत नाही त्याच्यासाठी सगळ्यांनी पुन्हा म्हणायचं. ही आमच्या बाईंची पद्धत. आम्ही त्यांच्याकडूनच शिकलो.”

मी बाईंकडे बघितलं. त्या हसत नव्हत्या आणि सहादूकडेही बघत नव्हत्या. त्या पिंकीकडे बघत होत्या. चौकटीला टेकलेल्या पिंकीचे ओठ हलत होते. आवाज येत नव्हता. मग तिने हातातली चिक्की माझ्या हातात कोंबली, मुलांच्या घोळक्यात कोपरं घालून वाट काढली आणि अगदी टॅबच्या समोर जाऊन उभी राहिली. पुढच्या थापेला सगळ्यांच्या आवाजात तिचाही आवाज होता. शहरातला, जरा बारीक आवाज, पण ऐकू येत होता. बाईंनी पदर डोळ्यांना लावला आणि या वेळी तो लपवला नाही.

पुढचं लवकर सांगते. मॅडमना अ‍ॅप आवडलं, पण एका अटीवर. गुल्लूला परीक्षक न ठेवता विद्यार्थीच करायचं. मुलांनी त्याला शिकवायचं. सरांनी तिथेच, फळ्याशी उभं राहून, कबूल केलं की जगात जिथे जे लिहितात ते दोन्ही गुल्लूला यायला हवं. मूल यू घालून लिहो की न घालता, गुल्लू ते पाठ करेल आणि दुसरं कसं लिहितात तेही सांगेल. “आणि हे पुढच्या नाही, याच व्हर्जनला,” बाई म्हणाल्या. सरांनी मान डोलावली. रडणं ठेवायचं की काढायचं यावर पोरांचं मत घेतलं, तर ती एकमुखाने म्हणाली की ठेवा, चप्पल कशी येणार नाहीतर. मला बोलायची गरजच उरली नव्हती.

परतताना बाईंना केवढा उत्साह चढला होता! त्या सरांना सेंटर कसं सुधारायचं, ग्रे कसं सुधारायचं ते सांगत होत्या आणि सरही हो बाई, हो बाई करत गाडी चालवत होते. एकदा तर बाई म्हणाल्या, “शेवटी जिंकलोच की आपण, काय गं पिंके?”

पिंकी माझ्याकडून परत घेतलेली चिक्की खात होती. तिने तोंडातला घास संपवला.

“आजी, ती टेबलावर थाप मारायची, ती तुझी पद्धत आहे ना?”

“हो बाळा. माझीच.”

“मग माझं चुकलं तेव्हा तू थाप का नाही मारलीस?”

बाई थांबल्या. “कधी?”

“गुल्लू रडला तेव्हा. मी म्हणाले, तुझं चुकतं, तर तू उठून गेलीस. मग बुधवारी बुधवारी ह्यांच्या ऑफिसला जायला लागलीस. मी शेजारच्या काकूंकडे बसायचे.” ती हे रागाने म्हणत नव्हती. तिला खरंच कळलं नव्हतं आणि आज त्या खोलीत कळलं होतं, म्हणून विचारत होती. “तिथे अस्वलासाठी पण सगळे म्हणाले. घरी मी एकटीच म्हणत होते.”

सरांनी वेग कमी केला आणि गाडी कडेला घेतली. मला खिडकीबाहेर बघावंसं वाटलं, पण बघवेना, कारण बाईंचा चेहरा मी कधी असा पाहिला नव्हता. तीन मजले न दमता चढणाऱ्या बाई एकदम थकलेल्या दिसल्या. किती बुधवार, किती शब्द, किती भांडण. आणि या सगळ्यात तिकडे जेलरोडला ती पोर अस्वलासमोर एकटी पडली होती.

“माझं चुकलं, पिंके,” बाई म्हणाल्या. “माझंच चुकलं.”

पिंकीने जरा विचार केला.

“पण कोणाचं चुकलं ते विचारायचं नसतं ना?”

“नसतं.”

“मग म्हणू या.” आणि तिने सरांच्या सीटच्या पाठीवर तळहाताने अशी जोरात थाप मारली की सर दचकून सरळ बसले. आम्ही चौघांनी ‘सी ओ एल’ सुरू केलं, भर रस्त्याच्या कडेला, गाडीच्या काचा उघड्या टाकून. बाईंचा आवाज निम्म्यातच अडकला आणि बाहेर येईना. पिंकीने आम्हाला हाताने थांबवलं, पुन्हा एक थाप मारली आणि आजीसाठी पहिल्या अक्षरापासून परत सुरू केलं.